हातांतला रेडिओ मुका कां होतो ?

गेल्या वर्षीं डिसेंबर महिन्यांत आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळाची सहल सह्याद्रींतील एका गडावर गेली होती. मंडळाच्या दोघां शिक्षकांस हौशी रेडिओचा सरकारी परवाना आहे. त्यामुळें दोन लहान संच बरोबर घेतले होते. एक गड चढणाऱ्या तुकडीबरोबर होता व दुसरा पायथ्याच्या गांवीं मोटारीपाशीं थांबलेल्या मंडळींजवळ. उतरतांना नववींतील एका विद्यार्थ्याचा पाय घसाऱ्यावरून निसटला आणि घोटा पाहतां पाहतां सुजून आला. सूर्य मावळतीस आलेला. मोबाइल फोन त्या खोऱ्यांत निरुपयोगी. आणि मुलास उचलून नेण्यास खालून दोन गडी व एखादी बाज तरी हवी होती. आम्हीं संचाची कळ दाबून हांक मारिली. उत्तर नाहीं. पुन्हां मारिली, दहा वेळां मारिली. तरी उत्तर नाहीं. खालचा संच बंद पडला असावा किंवा आमचाच बिघडला असावा अशी आमची समजूत झाली. वस्तुतः दोन्ही संच त्या वेळीं ठणठणीत होते. मग संभाषण कां होईना, हें पुढें यथास्थळीं येईलच.

या संचांचा नाद आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस लागला आहे. त्यांच्या पालकांकडून अधूनमधून विचारणा येते कीं, एवढे पैसे खर्चून घेतलेली वस्तु आठ दिवसांत कशी बिघडली ? बिघडले म्हणून आमच्याकडे आलेले संच आम्हीं तपासून पाहिले, तों बहुतेकांत बिघाड असा नव्हताच. या यंत्राच्या अंगीं कांहीं खोडी आहेत. त्या ज्यास ठाऊक नाहींत त्यास यंत्र मेलें असें वाटतें. बैल अडून बसला म्हणजे तो आजारीच असतो असें नाहीं. कधीं जूं टोंचत असतें, कधीं पुढें साप असतो. शेतकरी आधीं तें पाहतो आणि मग वैद्याकडे जातो. हाच क्रम येथें ठेवावा एवढें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. हौशी लोक यास 'हँडी' म्हणतात. मुठींत मावेल एवढ्या पेटींत ऐकण्याचें व बोलण्याचें अशीं दोन्ही यंत्रें असतात. परंतु दोन्ही एकाच वेळीं चालत नाहींत. बाजूची कळ दाबली कीं बोलावयाचें, सोडली कीं ऐकावयाचें. आपल्या देशांत हौशी लोकांस जे पट्टे दिलेले आहेत त्यांपैकीं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा या संचांचा मुख्य पट्टा होय. त्याची लहर सुमारें दोन मीटर लांबीची असते म्हणून त्यास दोन मीटरचा पट्टा म्हणतात. बहुतेक संचांत ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा दुसरा पट्टाही असतो. बोलण्यापूर्वीं सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. ही गोष्ट पालकांनीं संच विकत घेण्यापूर्वींच ध्यानांत घ्यावी, मागाहून नव्हे.

आतां पहिली तक्रार : संच चालू आहे, पडद्यावर आंकडे दिसतात, पण आवाज नाहीं. कोणी बोलत नसतां रेडिओंतून पावसाच्या सरीसारखा जो खरखराट येतो, तो कानास असह्य होतो म्हणून प्रत्येक संचांत एक झडप ठेवलेली असते. तीस स्क्वेल्च म्हणतात. पुरेशा जोराची लहर आली तरच ही झडप उघडते. झडप फार घट्ट केली तर दूरच्या मनुष्याचा क्षीण आवाज बाहेरच थबकतो. अगदीं सैल केली तर खरखराट थांबत नाहीं. म्हणून मुका झालेला संच हातीं येतांच झडपेचा आंकडा शून्यावर आणून पाहावा. खरखराट ऐकूं आला तर ऐकण्याचें यंत्र व कर्णा दोन्ही शाबूत आहेत असें समजावें. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती न करितां संच दुकानीं परत नेणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

झडपेहून अधिक फसवा असा एक द्वारपाल या संचांत असतो, आणि गडावरच्या त्या संध्याकाळीं त्यानेंच आमचा घात केला. त्याचें नांव टोन. बोलणाऱ्याच्या आवाजाखालीं एक मंद एकसुरी गुंजन सोडतां येतें. त्याचे ठराविक सूर आहेत; सेकंदास ६७ कंपनांपासून सुमारें २५४ कंपनांपर्यंत. मनुष्याचा कान हे सूर ऐकूं शकतो. परंतु संच ३०० कंपनांखालील भाग गाळून मगच आवाज कर्ण्यास देतो, यास्तव ऐकणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं. ऐकणारा संच मात्र तो ओळखतो. त्यास सांगून ठेवलें कीं, अमुक सूर असेल तरच दार उघड, तर तो सूर नसलेला मनुष्य दारांत उभा राहून कितीही ओरडला तरी आंत आवाज जात नाहीं. कचेरीच्या फाटकावरील शिपाई चिठ्ठी नसणारास आंत सोडीत नाहीं, मग तो प्रत्यक्ष साहेबांचा भाऊ कां असेना, तशांतला हा प्रकार.

येथें एक बारकावा आहे आणि नवशिके नेमके तेथेंच चुकतात. सूर पाठविणें व सूर मागणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. कांहीं संचांत त्या दोन स्वतंत्र कलमांखालीं असतात. कांहींत एकाच कळीच्या एका दाबानें पहिली, व आणखी एका दाबानें दोन्ही सुरू होतात. आमच्या खालच्या संचावर आदल्या दिवशीं दूरच्या एका टेकडीवरील रिपीटरसाठीं सूर लावला होता. लावणाराच्या हातून कळ एकदां अधिक दाबली गेली आणि संच सूर पाठवूं लागला तसा मागूंही लागला. दुसऱ्या दिवशीं गडावरून आम्ही सूर न लावतां हांक मारीत होतों. आमची प्रत्येक हांक खालीं पोंचत होती. शिपाई ती फाटकावरून परत लावीत होता.

त्या वेळीं खालचे शिक्षक गांवांत दूध आणण्यास गेले होते आणि संचापाशीं आठवींतील एक मुलगा बसला होता. त्याच्या ध्यानांत आलें कीं, संचाच्या माथ्यावरील हिरवा दिवा मधूनमधून लागतो, थोडा वेळ राहतो व विझतो. आवाज मात्र नाहीं. दिवा लागतो म्हणजे कोणाची तरी लहर येत आहे, हें त्यास वर्गांत सांगितलेलें आठवलें. संचाच्या बाजूस मॉनिटर नांवाची एक लहान कळ असते. ती दाबून धरली कीं झडप आणि शिपाई दोघेही बाजूस होतात. त्यानें ती दाबली आणि आमचा आवाज कर्ण्यांतून बाहेर पडला. मग त्यानें धांवत जाऊन शिक्षकांस आणिलें. अंधार पडण्यापूर्वीं गांवकरी बाज घेऊन वर निघाले. दिवा लागतो पण आवाज नाहीं, असें कधींही दिसलें तर प्रथम टोनकडे पाहावें. दिवाही लागत नसेल तर कारण निराळें.

रिपीटरचा उल्लेख वर आला आहे. उंच जागीं ठेवलेलें हें यंत्र एका आंकड्यावर ऐकतें व त्याच क्षणीं दुसऱ्या आंकड्यावर तेंच मोठ्या शक्तीनें पुन्हां बोलतें. दोन मीटरच्या पट्ट्यांत या दोहोंतील अंतर सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ ठेवितात. म्हणून आपल्या संचास, ऐकतांना एका आंकड्यावर राहून बोलतांना आपोआप दुसऱ्यावर सरकावें लागतें. हा सरकाव लावला नसेल, किंवा वरच्या बाजूस हवा असतां खालच्या बाजूस लावला असेल, तर आपणांस सगळ्यांचें ऐकूं येतें पण आपलें कोणासच ऐकूं जात नाहीं. कळ दाबून आपलें सांकेतिक नांव सांगावें व कळ सोडून दिव्याकडे पाहावें. रिपीटर उघडला असेल तर त्याची लहर क्षणभर रेंगाळते व दिवा तेवढा वेळ राहतो. तो मुळींच न लागला तर सरकाव, सूर आणि अंतर हीं तीन कारणें याच क्रमानें तपासावीं. आणखी एक खोड अशी कीं, पुष्कळ संचांत साठवलेल्या चॅनेलवर उभें राहून सूर वा सरकाव बदलला तर तो चॅनेल सोडतांच पुसला जातो. बदल केल्यावर चॅनेल पुन्हां नव्यानें साठवावा लागतो. "काल लावलें होतें, आज नाहीं," या तक्रारीचें मूळ बहुधा येथें सांपडतें.

आंकडा दाबला तरी तो लागत नाहीं, ही तक्रारही नेहमींची. संच दोन रीतींनीं चालतो : एकींत आपण आंकडा द्यावयाचा, दुसरींत साठवलेल्या चॅनेलचा क्रमांक. दुसऱ्या रीतींत असतां १४५ दाबलें तर संच एकशें पंचेचाळिसावा चॅनेल शोधूं लागतो व न सांपडल्यास कुरकुरतो. रीत बरोबर असूनही आंकडा लागत नसेल तर पायरी पाहावी. पायरी १२.५ किलोहर्ट्झची ठेवली असेल तर १४५.५०० नंतर एकदम १४५.५१२५ येतो, मधला १४५.५१० त्या जिन्यावर नाहींच. पायरी ५ ची करावी. आणि कळाच चालत नसतील तर कुलूप लागलें आहे. पडद्यावर लहानशी किल्ली दिसेल. ठराविक कळ दोन सेकंद दाबून धरली कीं तें निघतें. खिशांत संच ठेवणारांचें हें कुलूप रोज लागतें.

बॅटरीविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. कारण पालकांचा पैसा येथें अधिक वायां जातो. हल्लींच्या संचांत लिथियमची बॅटरी असते. दोन घट मिळून ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. संच नुसता ऐकत बसला असतां वीज फार थोडी लागते. पांच वॅट शक्तीनें बोलतांना त्याच्या वीसपटींहून अधिक वीज एकदम खेंचली जाते. वैशाखांतल्या विहिरीवर घागरीनें पाणी भरणारीस विहीर आटली आहे असें वाटत नाहीं. मोट धरली कीं दोन खेपांत तळ दिसतो. जीर्ण बॅटरीचें असेंच आहे. दिवसभर ऐकूं येतें, पडद्यावरील खूण भरलेली दिसते, आणि कळ दाबतांच संच डोळे मिटतो व पुन्हां नव्यानें सुरू होतो. अशा वेळीं प्रथम शक्ति कमी करून पाहावी. एक वॅटवर संच नीट चालला तर दोष बॅटरींत किंवा तिच्या पत्र्यांत आहे. पत्र्यांवर घामाचा व धुळीचा थर बसतो. तो साध्या खोडरबरानें पुसला तरी पुष्कळदां नवी बॅटरी घेण्याचें वांचतें. पांचावरून एकावर आल्यानें ऐकणारास होणारा तोटा लोक समजतात त्याहून फार थोडा असतो. मीटरच्या जेमतेम एका पायरीएवढा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र कसलीही काटकसर न करितां ती टाकून द्यावी, आणि कोणतीही बॅटरी उशाखालीं ठेवून रात्रभर भरण्यास लावूं नये.

वीज वांचविण्यासाठीं संच स्वतःही एक युक्ति करितो. कोणी बोलत नसतां तो डुलकी घेतो, क्षणाक्षणाला एक डोळा उघडून पाहतो आणि पुन्हां डुलकी घेतो. त्यामुळें बोलणाराचा पहिला शब्द त्याच्या झोंपेंत जातो. टोन असेल तर तो ओळखण्यासही थोडा अवधि लागतो. म्हणून कळ दाबल्यावर मनांत एक म्हणावें व मग तोंड उघडावें. पुष्कळ मुलें तोंड आधीं उघडतात, कळ मागाहून दाबतात, आणि "मला मदत नको" याचें पलीकडे "मदत नको" न राहतां नुसतें "नको" होतें. तोंड संचापासून चार बोटें दूर ठेवावें. अगदीं ओंठाशीं धरून ओरडल्यानें आवाज मोठा होत नाहीं, फाटतो. आवाज सर्वांस क्षीण येत असेल तर संचांत 'अरुंद' ही रीत लागली आहे काय तें पाहावें. इतर सर्व रुंद रीतीनें बोलत असतां एकट्याचा आवाज मग बारीक येतो.

बोलत असतांच संच गप्प झाला तर तोही बहुधा बिघाड नव्हे. कळ चुकून दाबलेली राहूं नये म्हणून एक घड्याळ आंत असतें. एक, दोन वा तीन मिनिटें झालीं कीं तें बोलणाराचें तोंड बंद करितें. (कांहीं सभांतून असें घड्याळ बसवितां आलें असतें तर श्रोत्यांचे आशीर्वाद मिळाले असते.) कळ दाबूनही बोलतांच येत नसेल तर दुसरी एक सोय सुरू असते : मार्गावर कोणाची लहर असेल तोंवर संच बोलूं देत नाहीं. सोय सभ्यपणाची आहे, पण जवळच्या एखाद्या विजेच्या उपकरणाचा गोंगाटही तिला मनुष्य वाटतो. संकटाच्या कामास निघतांना ती बंद करून ठेवावी.

एरियलविषयीं गैरसमज फार आहेत. संचाबरोबर येणारी रबरी दांडी वीतभर असते. दोन मीटरच्या लहरीचा चौथा हिस्सा सुमारें ४९ सेंटीमीटर भरतो. म्हणजे ती दांडी गुंडाळून आखूड केलेली आहे व तिचा कस कमीच. तेवढ्याच, म्हणजे ४९ सेंटीमीटर, लांबीची साधी तार एरियलच्या बुडाशीं बाहेरील धातूस जोडून खालीं लोंबती सोडली तर पुष्कळदां आश्चर्य वाटावें इतका फरक पडतो. कारण एरियलच्या जोडीस जमिनीसारखें कांहीं तरी लागतें व एऱ्हवीं तें काम धरणाराचा हात कसेंबसें करीत असतो. एरियल उभें धरावें, कमरेस लावून आडवें नव्हे. तें सैल झालें आहे काय हें रोज पाहावें. आणि एरियलवांचून कळ कधींही दाबूं नये, त्यानें आंतील शक्तीचा भाग जळूं शकतो. तो मात्र खरा बिघाड.

पण एरियल कितीही चांगलें असलें तरी या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात, हें विसरूं नये. सपाट किनाऱ्यावर उभ्या असलेल्या दोघांत दहा किलोमीटरांपलीकडे पृथ्वीचा फुगवटाच आड येतो. मध्यें डोंगर असेल तर एक किलोमीटरही फार झालें. उलट १९८३ सालीं अमेरिकन अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनीं कोलंबिया यानांतून असाच एक हातांतला संच घेऊन व यानाच्या खिडकीशीं एरियल लावून जमिनीवरील हौशी लोकांशीं संभाषण केलें. यान सुमारें अडीचशें किलोमीटर उंचीवर होतें, शक्ति थोड्या वॅटांची; पण मध्यें कांहीं आड नव्हतें. म्हणून ऐकूं येत नाहीं असें वाटतांच संचाशीं झगडत न बसतां आधीं वीस पावलें चालून पाहावें, खोऱ्यांतून सोंडेवर यावें. लहरी खडकांवरून परतून एकमेकींत मिसळतात, त्यामुळें दोन पावलांच्या अंतरावर आवाज मेलेला व जिवंत असा दोन्ही मिळतो.

शहरांत याच्या उलट पीडा असते. स्वस्त संचांचें ऐकण्याचें यंत्र भोळें असतें. शेजारीं एखादा जोरदार मनोरा असला कीं त्याच्या दणक्यानें तें बधिर होतें, आणि गच्चीवर मोठें एरियल लावलें तर सुधारण्याऐवजीं अधिकच बधिर होतें. दोन भावांनीं एकाच खोलींत दोन संच घेऊन परीक्षा करणेंही व्यर्थ. एक किंचाळतो, दुसरा दिपून जातो, आणि दोन्ही बिघडले असा निकाल लागतो. शक्ति कमी करून शंभर पावलांवर उभें राहावें.

राहतां राहिलें कानांत घालण्याच्या कर्ण्याचें भोंक. त्याची खुंटी अर्धवट बसली तर मोठा कर्णा मुका होतो, आणि कित्येकदां कळ न दाबतां संच बोलतच राहतो. पावसाचें पाणी किंवा घाम आंत गेला तरी हेंच होतें. लाल दिवा आपोआप जळत राहिलेला दिसला कीं तात्काळ बॅटरी काढावी, खुंटी उपटावी, व संच सावलींत वाऱ्यावर एक दोन दिवस वाळूं द्यावा. चुलीपाशीं नेऊं नये. खुंटी लावली नसतां व पाणीही गेलें नसतां असें झालें तर आवाजानें आपोआप सुरू होणारी सोय चुकून लागलेली असते. तिचें कलम शून्य करावें.

इतकें सर्व पाहूनही उलगडा न झाला तर संचास मूळ स्थितींत नेण्याची एक तोड असते. ती शेवटचीच समजावी, कारण तिनें साठवलेले सर्व चॅनेल पुसून जातात. त्यापूर्वीं प्रत्येक चॅनेलचा आंकडा, सरकाव, दोन्ही सूर व पायरी कागदावर लिहून घ्यावीं. आमच्या मंडळाच्या दोन्ही संचांच्या पाठीस अशी चिठ्ठी आतां डकवून ठेविली आहे, आणि मागण्याच्या सुरापुढें तांबड्या शाईनें 'बंद' असें लिहिलें आहे. कांहीं स्वस्त संच या पुनर्जन्मानंतर एकाएकी चिनी भाषेंत बोलूं लागतात. गेल्या पावसाळ्यांत एक विद्यार्थी अशा संचासह धापा टाकीत आमच्या घरीं आला होता. घाबरण्याचें कारण नाहीं. मेनूंत बोलीचें एक कलम असतें, तेथें इंग्रजी निवडावी किंवा बोलणेंच बंद करावें.